बंब येईपर्यंत

१४ एप्रिल म्हटले की आपल्याला बाबासाहेबांची जयंती आठवते, आणि ते योग्यच आहे. याच तारखेला देशभर अग्निशमन सेवा दिनही पाळला जातो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाच्या जहाजावर आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि दारूगोळाही होता. आग विझवण्याचे काम चालू असतानाच प्रचंड स्फोट झाले आणि अग्निशमन दलाचे ६६ जण कर्तव्य बजावताना मृत्युमुखी पडले. त्यांची आठवण म्हणून १४ ते २० एप्रिल हा आठवडा अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळतात. हा आठवडा ऐन उन्हाळ्यात येतो, हेही बरेच म्हणायचे. घरे तापलेली, लाकूडफाटा वाळलेला, पंखे-कूलर अहोरात्र चालू आणि नळाला पाणी नाही, असे हे दिवस असतात.

डॉक्टरांच्या सदरात आगीचे काय काम, असे कोणी विचारील. आग विझवणे हे बंबाचे काम खरे, पण आगीने भाजलेला माणूस शेवटी येतो तो डॉक्टरकडेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे १ लाख ८० हजार लोक भाजून मरतात आणि एकट्या भारतात दहा लाखांहून अधिक लोक मध्यम ते गंभीर स्वरूपात भाजतात. भाजण्याचे प्रकार सर्वाधिक घडतात ते घरात आणि कामाच्या जागी. स्त्रिया व मुले भाजतात ती मुख्यतः स्वयंपाकघरात.

आपल्याकडे 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' अशी म्हण आहे. लहान गावात ती शब्दशः खरी ठरते. नगरपालिकेचा बंब एक किंवा दोन, तोही कधी दुसऱ्या कामावर गेलेला, आणि खेडे पंधरा-वीस किलोमीटर लांब. बंबावरच्या लोकांनी कितीही घाई केली तरी रस्ता काही आखूड होत नाही. म्हणून आजच्या लेखाचे सार सुरुवातीलाच सांगतो. आगीची पहिली पाच मिनिटे आणि भाजल्यानंतरची पहिली वीस मिनिटे ही घरातल्या माणसांच्या हातात असतात. त्या वेळी काय करायचे हे आधी ठरलेले असेल तरच ते हातून होते. ऐन वेळी डोके चालत नाही, सवयच कामी येते.

गॅस : नाक हेच पहिले यंत्र

पूर्वी भाजलेल्या बाईच्या केसपेपरवर 'स्टोव्हचा भडका' हे शब्द हटकून असत. आता रॉकेलचा स्टोव्ह बराचसा गेला आणि गॅस आला. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर ज्या घरांत पिढ्यानपिढ्या चूल होती तिथेही सिलिंडर पोचला. धुरापासून सुटका झाली, ही मोठीच गोष्ट झाली. पण चुलीची आग डोळ्यांना दिसते, गॅस दिसत नाही, हा फरक घरातल्या सर्वांना, विशेषतः आजी-आजोबांना, समजावून सांगायला हवा.

या गॅसला मुळात स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे रसायन मुद्दाम मिसळलेले असते. दुसरे असे, की हा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर निघून जात नाही, पाण्यासारखा जमिनीलगत पसरतो आणि ओट्याखाली, मोरीत, खोलगट जागी साठतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास गेले तरी एका ठिणगीने भडका होऊ शकतो. ठिणगी म्हणजे काडीच ओढायला हवी असे नाही. दिव्याचे बटण चालू करताना, आणि बंद करतानाही, बटणाच्या आत बारीक ठिणगी पडते.

म्हणून घरात गॅसचा वास आला तर हा क्रम पाठ ठेवा. विजेचे कोणतेही बटण चालू करू नका आणि बंदही करू नका. 'वास जाऊ दे' म्हणून पंखा लावणारे अनेक जण असतात. तो पंखाच घात करतो. शेगडीच्या कळी व रेग्युलेटर बंद करा. दारे-खिडक्या सताड उघडा. देवघरातला दिवा, उदबत्ती विझवायला गॅस साठलेल्या भागातून जावे लागत असेल तर तिकडे न जाता सरळ बाहेर पडा. माणसे बाहेर काढा आणि फोन बाहेर अंगणात जाऊन करा. गॅसगळतीसाठी १९०६ हा क्रमांक देशभर चोवीस तास चालू असतो.

रोजच्या काही सवयी सांगतो. सिलिंडर नेहमी उभाच ठेवावा. शेवटचा गॅस निघावा म्हणून तो आडवा करू नये किंवा गरम पाण्यात ठेवू नये. शेगडी ओट्यावर, म्हणजे सिलिंडरपेक्षा उंचावर असावी. रबरी नळीवर मुदत छापलेली असते. पाच वर्षे झाली की ती बदलावी, आणि चिरलेली, उंदराने कुरतडलेली दिसली तर त्याच दिवशी बदलावी. गळती तपासायची तर जोडावर साबणाचा फेस लावावा, बुडबुडे आले की गळती आहे असे समजावे. काडी ओढून गळती पाहणारे महाभाग अजून आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहितो. रात्री झोपताना आणि गावाला जाताना रेग्युलेटर बंद करण्याचे काम घरातल्या एकाच माणसाकडे नेमून द्यावे. सर्वांचे काम ते कोणाचेच नसते.

सिलिंडर घेताना वजनाबरोबर आणखी एक गोष्ट पाहावी. वरच्या कड्याला जोडणाऱ्या पट्ट्यांच्या आतल्या बाजूला इंग्रजी ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि पुढे वर्षाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. त्या तिमाहीपर्यंत सिलिंडरची पुन्हा चाचणी व्हायला हवी, असा त्याचा अर्थ. ती मुदत उलटून गेलेली असेल तर तो सिलिंडर परत पाठवावा.

पदर, कढई आणि फळी

शेगडीच्या मागच्या भिंतीवर मीठ-मसाल्याची फळी असणे ही आपल्याकडची जुनी पद्धत. पेटत्या शेगडीवरून हात लांब करून डबा काढताना पदर, ओढणी किंवा गाऊनची सैल बाही ज्योतीवर येते. कपडा पेटल्याचे पाठीमागे किंवा काखेत चटका बसेपर्यंत कळत नाही. ती फळी बाजूला हलवणे हा दोन-चार खिळ्यांचा प्रश्न आहे. स्वयंपाक करताना पदर खोचलेला, ओढणी काढून ठेवलेली आणि अंगावरचा कपडा सुती असावा. नायलॉन-पॉलिएस्टरचे कापड वितळते आणि कातडीला चिकटते, त्यामुळे जखम खोल जाते. सुती कपडाही पेटतो, म्हणून तो अंगाबरोबर असावा, घोळदार नसावा.

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी ओतायचे नाही, हे घरातल्या लहानथोरांनी लक्षात ठेवावे. तेलापेक्षा पाणी जड, त्यामुळे ते तळाशी जाते. तिथे त्याची क्षणात वाफ होते आणि वाफ पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा मागते. ती वाफ जळते तेल छतापर्यंत उडवते. योग्य उपाय अगदी साधा आहे. शेगडी बंद करावी, कढईवर मोठे झाकण किंवा ताट कडेने सरकवत ठेवावे आणि कढई तिथेच पूर्ण थंड होऊ द्यावी. जळती कढई उचलून बाहेर नेण्याच्या प्रयत्नात हात, पाय आणि वाटेत आलेले मूल भाजते.

चूल पेटवताना रॉकेल, पेट्रोल ओतणे किंवा मोटारसायकलसाठी घरात बाटलीत पेट्रोल साठवणे, हे प्रकार पूर्ण बंद करावेत. पेट्रोलची वाफ दूरवर पसरते आणि लांबच्या निरांजनावरूनही पेट घेते.

वीज : गरम प्लग बोलत असतो

विजेची आग एकदम लागत नाही, बहुधा आधी सूचना देते. प्लग हाताला गरम लागणे, बोर्डाभोवती काळे डाग पडणे, जळक्या प्लास्टिकचा वास येणे, दिवे लुकलुकणे, फ्यूज वारंवार उडणे, या त्या सूचना. फ्यूज उडतो म्हणून जाड तार बांधणे म्हणजे ताप येतो म्हणून थर्मामीटर फोडणे होय. उन्हाळ्यात एकाच बोर्डावर कूलर, फ्रिज आणि मिक्सर लावू नये. जुन्या घराची वायरिंग जाणत्या वायरमनकडून एकदा तपासून घ्यावी. अर्थिंग नीट आहे ना ते पाहावे आणि गळतीच्या विजेला लगेच तोडणारे ३० मिलिअँपिअरचे यंत्र बसवून घ्यावे. ओल्या हाताने कूलरला हात लावून दगावलेल्यांच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. त्यातले कित्येक जीव या यंत्राने वाचू शकतात.

अलीकडे एका नव्या गोष्टीची भर पडली आहे. मोबाइल गादीवर, उशीखाली ठेवून रात्रभर चार्ज करू नये. बॅटरीवरच्या स्कूटरची बॅटरी झोपण्याच्या खोलीत, जिन्यात किंवा बाहेर पडण्याच्या दारापाशी चार्जिंगला लावू नये. तिने पेट घेतलाच तर आग फार वेगाने वाढते, विषारी धूर निघतो आणि बाहेर जाण्याची वाटच बंद होते. चार्जर गाडीबरोबर आलेला तोच वापरावा. फुगलेली बॅटरी वापरू नये.

विजेमुळे लागलेल्या आगीवर मेन स्विच बंद केल्याशिवाय पाणी टाकू नये. मेन स्विच कुठे आहे हे घरातल्या किती जणांना माहीत आहे, हे आज रात्री जेवताना विचारून पाहा.

लहान मुले : ज्वाळेपेक्षा कढत पाणी

लहान मुले आगीपेक्षा कढत पाणी, चहा, दूध, वरण यांनी अधिक भाजतात. मुलाची कातडी पातळ असते. साठ अंशांचे पाणी मोठ्या माणसाची कातडीही सुमारे पाच सेकंदांत खोल भाजते, मुलाची त्याहून लवकर. आंघोळीसाठी बादलीत नेहमी आधी गार पाणी घ्यावे आणि मग त्यात कढत पाणी मिसळावे. एवढा क्रम बदलला तरी पुष्कळ अपघात टळतील. पाणी तापवण्याचा रॉड लावलेली बादली मुलांच्या वाटेत नसावी, आणि स्वतःही बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नये. जमिनीवर पंगत असेल तेव्हा वरणाचे पातेले मुलांच्या मागून नेऊ नये. लग्नकार्यात भटारखान्याभोवती दोरी बांधून एक माणूस बसवावा. मांडवाला जेवढा खर्च करतो त्याच्या मानाने हा काहीच नाही.

देवघराजवळ पडदा नको, समई रात्री एकटी तेवत ठेवू नये, आणि डासांची कॉइल गादीपासून व मच्छरदाणीपासून लांब, पत्र्याच्या ताटलीत ठेवावी.

कपड्यांनी पेट घेतला तर

अंगावरचे कपडे पेटले की माणूस पळतो. पळाल्याने वारा मिळतो आणि ज्वाळा चेहऱ्याकडे चढतात. म्हणून तीन शब्द मुलांकडून पाढ्यासारखे म्हणून घ्या : थांबा, झोपा, लोळा. जागच्या जागी थांबायचे, दोन्ही हातांनी चेहरा झाकून जमिनीवर आडवे व्हायचे आणि गडाबडा लोळायचे. जवळच्या माणसाने जाड सुती सतरंजी, गोधडी किंवा लोकरीची घोंगडी टाकून ज्वाळा दाबाव्यात आणि ज्वाळा विझताच ती काढून अंगावर पाणी ओतावे. नायलॉनची चादर वापरू नये. पाण्याची बादली हाताशी असेल तर सरळ ती ओतावी, गोधडी शोधत बसू नये.

धूर ज्वाळेआधी पोचतो

आगीत माणसे जळून मरतात अशी आपली समजूत असते. घरबंद आगीत धुराने गुदमरून मरणारे पुष्कळ असतात. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळे दगावली. त्यांतली बहुतेक धुराने गुदमरली होती. त्या बातमीने सारा महाराष्ट्र हळहळला. पण धूर किती लवकर जीव घेतो, हा तिच्यातला धडा आपल्या घरापर्यंत आला नाही.

धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट धरतो, आणि मग श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. धूर वर जातो, जमिनीलगत हवा त्यामानाने बरी असते, म्हणून धुरातून बाहेर पडताना रांगत जावे. नाकातोंडावर ओले फडके धरावे. मागे दार ओढून घ्यावे, त्याने आग व धूर अडतो. समोरचे दार हाताला गरम लागले तर ते उघडू नये, दुसरी वाट धरावी. इमारतीत लिफ्ट वापरू नये. आणि एकदा बाहेर पडल्यावर दागिने, कागदपत्रे, मोबाइल यांच्यासाठी परत आत जाऊ नये.

करोनाच्या काळात पुष्कळ घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले. धुरात सापडलेल्या माणसाच्या बाबतीत त्यावर विसंबू नका. या यंत्राला प्राणवायू आणि कार्बन मोनॉक्साइड यांतला फरक कळत नाही, त्यामुळे माणूस गंभीर असूनही आकडा ९८ दिसू शकतो. आवाज घोगरा झाला, नाकातले केस जळलेले दिसले, थुंकीत काजळी आली किंवा डोके दुखून भोवळ आली, तर अंगावर एकही फोड नसला तरी रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

भाजल्यावर : पाणी, फक्त पाणी, वीस मिनिटे

आता माझ्या कामाचा भाग. भाजलेला हात दवाखान्यात येतो तेव्हा तो पिवळा, पांढरा, निळा, काळा अशा सर्व रंगांत येतो. हळद, टूथपेस्ट, शाई, कॉफीची पूड, डोशाचे पीठ, बटाट्याचे साल, तूप, कोरफड, जे हाताला लागेल ते लावलेले असते. यांतल्या काही गोष्टी स्वयंपाकात उत्तम आहेत, जखमेवर नाहीत. त्या आतली उष्णता कोंडून ठेवतात. त्यांच्या रंगामुळे जखम किती खोल आहे ते दिसत नाही. आणि मग त्या खरवडून काढताना रुग्णाला जे सोसावे लागते ते भाजण्याइतकेच असते.

ज्वाळा विझली तरी कातडीच्या आत साठलेली उष्णता काम करीतच असते आणि जखम खोल नेत असते. ती उष्णता काढून घेणे हा खरा पहिला उपचार, आणि तो पाण्याने होतो. भाजलेल्या भागावर साधे गार पाणी घड्याळ लावून पूर्ण वीस मिनिटे सोडावे. दोन मिनिटांत आग शमल्यासारखी वाटली तरी थांबू नये. ताबडतोब जमले नाही तरी भाजल्यापासून तीन तासांपर्यंत याचा फायदा होतो. बर्फ लावू नये, त्याने कातडीचा रक्तपुरवठा आकसतो आणि इजा वाढते.

इथे उन्हाळ्याची एक खोच आहे. गच्चीवरच्या टाकीचे पाणी एप्रिल-मेच्या दुपारी स्वतःच चटका देण्याइतके तापलेले असते. नळाखाली हात धरण्याआधी पाणी तपासा. ते गरम असेल तर माठातले, रांजणातले किंवा सावलीतल्या पिंपातले पाणी घ्या. नळाला पाणी नसले तर भाजलेल्या भागाखाली स्वच्छ परात ठेवून तांब्याने हळूहळू धार धरा, आणि परातीतले पाणी पुन्हा वापरा. एका बादलीत वीस मिनिटे सहज निभतात. म्हणून पाणीटंचाईच्या दिवसांतही स्वयंपाकघराजवळ एक झाकलेली बादली कायम भरलेली असावी आणि ती दुसऱ्या कशालाही वापरू नये.

पाणी ओततानाच बांगड्या, अंगठ्या, जोडवी, घड्याळ, कंबरपट्टा काढावा. तासाभरात सूज आली की ते निघत नाहीत आणि बोटाचा रक्तपुरवठा तोडतात. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नये, त्याच्या कडेने कापावा. फोड फोडू नयेत. नंतर धुतलेल्या स्वच्छ सुती कापडाने जखम सैल झाकावी, कापूस लावू नये, त्याचे तंतू चिकटतात. मूल किंवा बराच भाजलेला माणूस असेल तर जखम गार करताना बाकीचे अंग कोरड्या पांघरुणाने झाकावे. तो कुडकुडू लागला तर पाणी थांबवावे.

कोणाला रुग्णालयात न्यावे?

रुग्णाचा स्वतःचा तळहात बोटांसह म्हणजे त्याच्या अंगाचा सुमारे एक टक्का, हे माप लक्षात ठेवा. भाजलेली जागा त्याहून मोठी असेल तर डॉक्टरला दाखवावे. पुढील रुग्णांना जागा लहान असली तरी रुग्णालयात न्यावे : चेहरा, हात, पाय, सांधे किंवा गुप्तांग भाजलेले, तान्ही मुले व वृद्ध, गर्भवती स्त्रिया, विजेने किंवा ॲसिडने भाजलेले, धुरात सापडलेले आणि ज्यांची जखम पांढुरकी किंवा काळी पडून दुखत नाही असे. न दुखणारी जखम बरी असे समजू नये. तिथले दुखणे कळवणारे मज्जातंतूच जळालेले असतात. विजेच्या धक्क्यात कातडीवर पैशाएवढा डाग दिसतो, पण आत स्नायू जळालेले असतात आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ॲसिड सांडले असेल तर कपडे काढून भरपूर पाण्याने बराच वेळ धुवावे.

मोठ्या भाजण्यात पहिल्या चोवीस तासांत रक्तातले पाणी जखमेच्या भागात पाझरत राहते आणि रक्तदाब कोसळतो. सकाळी बोलत असलेला रुग्ण संध्याकाळी अत्यवस्थ होतो तो याचमुळे. 'बोलतोय ना, उद्या नेऊ' हा विचार जीवावर बेततो. १०८ ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत पाणी ओतत राहावे. धनुर्वाताची लस झाली आहे की नाही ते डॉक्टरांना सांगावे.

पोलिसांची भीती आणि घराची अब्रू

एका गोष्टीबद्दल स्पष्ट लिहायला हवे. बाई भाजली की घरचे लोक आधी कुजबुजतात आणि मग डॉक्टरकडे येतात. पोलीस केस होईल, गावात बोलले जाईल, ही भीती असते. या कुजबुजीत पहिले तास जातात. भाजल्याची नोंद पोलिसांत होते हे खरे आहे, पण तिच्यासाठी उपचार थांबत नाहीत. आधी उपचार, मग कागदपत्रे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट सांगितले आहे. आणि भाजणे हा जर अपघात नसेल, तर त्या बाईला डॉक्टरशी एकटीने बोलण्याची संधी मिळाली पाहिजे. दारात उभे राहून तिचे उत्तर सासरच्यांनी किंवा माहेरच्यांनी द्यायचे कारण नाही. मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे आणि महिलांसाठी १८१ ही आहे.

भाजून वाचलेल्यांचे दुखणे जखम भरल्यावरही संपत नाही. मानेचे, कोपराचे, बोटांचे व्रण आखडत जातात. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम आणि पट्ट्या महिनोन्‌महिने चालू ठेवाव्या लागतात. ते सोडून दिले की वाकलेली मान आणि मिटलेली मूठ जन्मभर सोबत राहते. अशा मुलीला लग्नकार्याला न नेणे, आरशापासून लांब ठेवणे, हे तिच्यासाठी दुसरे भाजणे असते.

येत्या रविवारी अर्धा तास

शेवटी कामाची यादी. ही कात्रण काढून स्वयंपाकघराच्या दारामागे लावावी.

१. १०१ (अग्निशमन), १०८ (रुग्णवाहिका), ११२ (सर्व मदत), १९०६ (गॅसगळती) हे क्रमांक आणि आपल्या नगरपालिकेच्या अग्निशमन केंद्राचा स्थानिक फोन मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहावा. फोनवर आधी पत्ता आणि जवळची ठळक खूण सांगावी, हे मुलांना शिकवावे.

२. मेन स्विच आणि गॅसचा रेग्युलेटर घरातल्या प्रत्येकाने, दहा वर्षांवरील मुलांसह, एकदा स्वतःच्या हाताने बंद करून पाहावा.

३. घरातून बाहेर पडण्याच्या दोन वाटा ठरवाव्यात. खिडक्यांना चोरासाठी गज असतात, आगीत ते आपल्यालाच कोंडतात. निदान एका खिडकीचे गज उघडणारे असावेत. रात्री दाराला कुलूप लावत असाल तर किल्ली दाराजवळ ठरलेल्या खिळ्यावर, सर्वांच्या हाताला येईल अशी असावी.

४. बाहेर पडल्यावर जमण्याची जागा ठरवावी, समजा समोरचे कडुनिंबाचे झाड. तिथे डोकी मोजावीत. अंथरुणाला खिळलेल्या आजींना कोण बाहेर काढणार, हे नाव घेऊन ठरवावे.

५. एक भरलेली बादली, एक वाळूची बादली, एक जाड सुती सतरंजी, कढईवर बसेल असे एक झाकण. शक्य असेल तर आयएसआय खुणेचे कोरड्या पावडरचे लहान अग्निशामक यंत्र. त्याची पिन ओढायची, नळी ज्वाळेच्या बुडाशी रोखायची, दाबायचे आणि झाडू मारल्यासारखे फिरवायचे. आग आपल्या उंचीइतकी झाली असेल तर विझवत बसू नये, बाहेर पडावे.

६. मुलांकडून 'थांबा, झोपा, लोळा' अंगणात करून घ्यावे. त्यांना तो खेळ वाटेल. वाटू द्या.

या सगळ्याला फार खर्च नाही. एक रविवार, अर्धा तास आणि एक बादली पाणी एवढेच लागते. बंब निघालेला असेल, रुग्णवाहिकाही वाटेत असेल. तोवर घर आपल्यालाच सांभाळायचे आहे.